तारेजवळचं गाणं

इटालियन गवयाने वरचा सूर लावला आणि त्याच वेळी केरबाला पाठीमागे तार कापल्याचा आवाज आला. बारीकच, कट् असा. दुसऱ्या कुणाला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. साताऱ्याबाहेरच्या इटालियन युद्धकैद्यांच्या त्या छावणीत, गोऱ्या कमांडर साहेबापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळी माणसं मैदानातल्या फळ्यांच्या स्टेजकडे तोंड करून बसली होती. पहाऱ्यावर एकटा केरबा होता. खांद्याला बंदूक, आणि हुकूम साधा: तारेला हात लावील त्याला गोळी.

त्याने मान वळवली. दिवस मावळला होता, पण अजून दिसत होतं. कण्हेरीच्या झुडपाआड, कुंपणाखाली एक माणूस पालथा पडला होता. जिनो, कैद्यांमधला सुतार. सकाळी त्यानेच त्या स्टेजच्या फळ्या ठोकल्या होत्या. गडी गोव्याकडे निघाला असणार. तिथे पोर्तुगीजांचं राज्य, तिथे इंग्रजाचा हात पोचत नाही, हे छावणीतला प्रत्येक कैदी जाणून होता.

केरबाने बंदूक खांद्यावरून उतरवली.

पुढच्या रांगेत सांगलीचे विष्णुपंत डोलत होते. पंतांची उभी हयात संगीत नाटकांत गाण्यात गेलेली. साहेबाने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. गाण्याआधी त्यांनी नाक मुरडलं होतं. "तबला नाही, तंबोरा नाही. हा काय कपाळ गाणार?" मग शेजारच्या सुभेदार लालासाहेबांना म्हणाले होते, "आमच्याकडे पब्लिकने वन्स मोअर दिला ना, की स्टेजवर मरून पडलेलं पात्रसुद्धा उठतं, पद पुन्हा म्हणतं आणि परत मरतं."

"हितं तसलं चालायचं न्हाई, पंत," सुभेदार म्हणाले होते. "छावणी हाय. कुणी तोंड उघडायचं न्हाई."

आता पंतांना त्या गाण्यात ताल धरायला जागा सापडत नव्हती, तरी हात मांडीवरून निघत नव्हता. विटका कोट घातलेला तो जाडा गवई बेनेदेत्तो छातीवर पंजा ठेवून उभा होता, आणि आवाज असा, की पोटातून निघावा तो थेट अजिंक्यताऱ्याला जाऊन भिडावा. सूर चढत गेला, थांबला, तिथेच राहिला. माणसाला इतका दम असतो? केरबाच्या अंगावर काटा आला. पुन्हा कट् झालं.

आणि मग त्याला गाणं ओळखू आलं.

केरबा आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांकडून लढताना धरला गेला होता. इटलीत कैदी होता, तिथून निसटला, आणि थंडीने अर्धमेला झालेल्या त्याला एका म्हातारीने गवताच्या गंजीत लपवलं. जर्मन शिपाई झडतीला आले आणि नेमका केरबाला खोकला लागला. म्हातारीचा नवरा अंगणात शेण भरत होता. त्याने पाटी खाली ठेवली आणि हेच गाणं म्हणायला लागला. गळा फाटका, सुराचा पत्ता नाही. शिपाई पोट धरून हसले. खोकला कुणाच्या कानावर गेला नाही.

इकडे गावात केरबा मेला म्हणून तार आली होती. तो जिता परत आला तेव्हा त्याच्या बायकोने, बनुबाईने, नव्याने कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाली, "आता सरकारनं कायबी सांगू द्या, मला सोडून जाऊ नगा." म्हणून तर त्याने घराजवळची ही छावणी मागून घेतली होती. जिनो निसटला आणि बोट केरबाकडे गेलं, तर कोर्टमार्शल. बनुबाई पुन्हा एकटी.

बंदूक हातात जड झाली. त्याने ती ना वर केली, ना खाली.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. पंतांनी डोळे पुसले. बेनेदेत्तोने वाकून नमस्कार केला, पण त्याची नजर लोकांच्या डोक्यांवरून कुंपणाकडे गेली होती. केरबानेही तिकडे पाहिलं. जिनोचा सदरा तारेत अडकला होता. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. तो ओढत होता, आणि कुंपणाची तार दूरपर्यंत थरथरत होती.

टाळ्या विरळ झाल्या. तार वाजलेली आता स्वच्छ ऐकू येणार होती. बेनेदेत्तोच्या कपाळावर घाम फुटला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी सांगितल्याशिवाय कैद्याने गायचं कसं? साहेबाने निघायला टोपी उचलली.

"केरबा," लालासाहेब पुढच्या रांगेतून, मागे न बघता, मोठ्याने म्हणाले, "कुंपणाकडनं येक चक्कर मारून ये रं."

"जी, साब."

केरबा कुंपणाकडे वळला. जिनोने त्याला पाहिलं आणि हलायचा थांबला. त्याच्या डोळ्यांत जी भीती होती ती केरबाला नवी नव्हती. गवताच्या गंजीत त्याने ती स्वतः भोगली होती.

केरबाने बंदूक परत खांद्यावर अडकवली. तारेकडे पाठ केली. आणि सांगलीच्या थेटरात स्वस्त तिकिटाच्या पिटातला गडी जसा ओरडतो तसा, गळ्याच्या शिरा ताणून, त्या शिस्तीच्या मैदानात ओरडला, "वन्स मोअर!"