चंद्रावरच्या कॉम्प्युटरची अक्कल

माणूस चंद्रावर उतरला त्याला तीस वर्षं झाली, म्हणून कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या धैर्यशीलरावांना त्या रविवारी भलताच जोर चढला होता. पेठ वडगावचे पावणे जेवायला आले होते, ते आयतेच सापडले.

“यान उतरताना त्यातल्या कॉम्प्युटरच्या अंगावर एकदम लय कामं आली. केवढासा जीव त्याचा! पण बंद न्हाय पडला. बिनमहत्त्वाची कामं त्यानं आपली आपण सोडून दिली आणि यान झोकात उतरवलं!”

मध्येच स्वयंपाकघराकडं तोंड करून ते ओरडले, “वैजयंता, आधी चहा टाक! पांढरा रस्सा वाढव जरा! आणि माझ्या भाकरी मऊ कर!”

“व्हय,” आतून बायकोचा आवाज आला.

पानं मांडली. पावण्यांच्या ताटात मटण, तांबडा, पांढरा, वाफाळती भाकरी, कशाची म्हणून कमी नव्हती. धैर्यशीलराव हात धुऊन आले, तर त्यांच्या पाटापुढं ताटच नाही.

“अगं, माझं ताट?”

“एकदम लय कामं अंगावर आली,” भाकरी थापत वैजयंता म्हणाली. “पण बंद न्हाय पडले की मी!”