वारा लागू नये म्हणून

बारीक ज्योत चाचणीच्या कपाजवळ नेताच त्यातला द्रवाचा नमुना भप्पकन पेटला. तो गरम करायचीही वेळ आली नाही.

“नापास,” तपासणारी बाई म्हणाली. “हा माल साध्या ट्रकने पाठवता येणार नाही.”

“ट्रक दारात येऊन उभा आहे आणि नापास काय म्हणता, बाई?” प्रयोगशाळेचे साहेब हसले. “नमुन्याचा अख्खा कॅन पसरट ट्रेमध्ये ओतून ठेवा आणि जेवायला चला. त्यातला तापट भाग उडून गेला की उरलेला अगदी गरीब गाय होतो. मग किती तापल्यावर पेटतो, तो आकडा घ्या.”

जेवून दोघं परतली तेव्हा ट्रेमधली पातळी बरीच खाली गेली होती. वाऱ्याने ज्योत हलून आकडा चुकू नये म्हणून या खोलीतल्या खिडक्या आणि पंखा कायम बंद असायचे. बाई दारातच थबकली. या द्रवाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते, हे नव्या माणसांना तीच शिकवायची.

“साहेब, खोली तर सगळी बंद आहे. मग उडालेलं गेलं कुठे?”

“जाणार कुठे? असेल इथेच,” असं म्हणत साहेबांनी बर्नर पेटवायला लायटरची कळ दाबली.