आईच्या आवाजातली गोळी

डॉक्टरचं कुणी ऐकत नाही, आईचं ऐकतात, हे प्रोफेसर मृणालने संशोधन करून सिद्ध केलं. तेव्हापासून पेशंटला गोळ्यांची आठवण मशीन करायचं, तेही त्याच्या आईच्या आवाजात.

मृणालला मात्र खरी आई फोन करायची. मृणालला बीपी असल्याचं कळलं आणि आईने कित्येक वर्षांचा अबोला सोडला. रोज, "गोळी घेतलीस ना, बाळा?"

खूश होऊन ती नवऱ्याला घेऊन चिपळूणला माहेरी थडकली.

"वाट चुकलीस का, भवाने?" दारातच आई म्हणाली.

"अगं, रोज बोलतो ना आपण!"

"तुझ्याशी? माझी चप्पल बोलते!"

मृणालने नवऱ्याकडे पाहिलं. तो घुटमळला. "आई मला फोन करून तुझ्या नावाने खडे फोडायच्या, तेच रेकॉर्डिंग मी मशीनला दिलं. शिव्या त्याने गाळल्या."

"शिव्या गाळल्यावर," आईने विचारलं, "उरलं काय?"