लागोपाठ तीन

देवळात माणसं एकोणतीस, कोंबड्या सहा आणि देव एक. कोंबड्या पिंजऱ्यात होत्या, कारण त्यांना पावसात सोडून यायला चिन-ये आजी तयार नव्हती. बाहेर दोन बस इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. कालपासून चारशे बारा मिलिमीटर पाऊस झाला होता. साडेतीनशेच्या पुढे या डोंगराचा भरवसा नाही, असं कोष्टक सांगत होतं. खाली नदीचं पाणी पुलापासून एका मीटरवर आलं होतं आणि तासाला अर्धा मीटर चढत होतं.

हे सगळे आकडे श्यू-यिनच्या वहीत होते. भूशास्त्र शिकून ती तालुक्याच्या आपत्ती विभागात लागली होती. दोन तासांत पूल ओलांडला नाही तर ही एकोणतीस माणसं डोंगराखाली अडकणार होती. पण तिचे आकडे गावाला पटत नव्हते.

त्यालाही कारण होतं. या मोसमात धोक्याचा भोंगा चार वेळा वाजला होता. चारही वेळा ही म्हातारी माणसं खालच्या शाळेत फरशीवर झोपून, कंबर धरून परत आली होती. डोंगर जागच्या जागी होता, आमच्यापेक्षा ठणठणीत, असं चिन-ये आजीचं म्हणणं. पोरगी हुशार आहे, फक्त डोंगराला तिचं ऐकायची सवय नाही, हेही तिने शेजारणीला सांगितलं, श्यू-यिनला ऐकू जाईल अशा बेताने. तैपेईतल्या मुलांनी फोन करून करून पाहिलं होतं. कुणी हललं नव्हतं.

गाव ऐकत असे ते भूमीदेवाचं. पणज्यांच्या काळी नदीने जुनं गाव नेलं, तेव्हा त्यानेच कुणाच्या तरी स्वप्नात येऊन ही जागा दाखवली होती. कुणाच्या स्वप्नात, यावर भांडणं होती. जागा दाखवली, यावर नव्हती. त्याने बसवलं, तर उठवणारही तोच. त्याला विचारायची रीत ठरलेली. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे, एक बाजू सपाट, एक फुगीर. ते जमिनीवर टाकायचे. एकाची सपाट आणि दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली तर होकार; दोन्ही सारखे पडले तर नकार. घरदार सोडण्याची गोष्ट असेल तर लागोपाठ तीन होकार लागत. मध्ये एक जरी चुकला, तर त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही.

श्यू-यिनने हिशेब केला होता. एका होकाराची शक्यता निम्मी. लागोपाठ तिनांची आठात एक.

म्हणून सकाळीच तिने पुजारी आ-हुओ आजोबांना देवळामागच्या पडवीत गाठलं होतं. ते शेंगा सोलत बसले होते. तिने आडपडदा ठेवला नाही. एका ठोकळ्यात सपाट बाजूने आणि दुसऱ्यात फुगीर बाजूने थोडं शिसं भरलं, की होकाराशिवाय दुसरं काही पडणारच नाही, हे तिने वहीत आकृती काढून दाखवलं. शिसंही तिने आणलं होतं. आजोबांनी आकृती नीट पाहिली, शिसं तळहातावर तोललं आणि म्हणाले, "बघतो."

आता ते देवापुढे गुडघ्यांवर बसले होते. बाबा, आज आमच्याबरोबर खाली येतोस का, एवढंच त्यांनी विचारलं आणि ठोकळे टाकले.

एक सपाट, एक फुगीर.

आजोबांनी ठोकळे उचलले, कपाळाला लावले, पुन्हा टाकले. एक सपाट, एक फुगीर. श्यू-यिनच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय. त्याची गरज नाही, हे तिने स्वतःला बजावलं.

तिसऱ्या वेळी एक ठोकळा लगेच बसला, सपाट बाजू वर. दुसरा टोकावर फिरत राहिला. फिरत फिरत कोंबड्यांच्या पिंजऱ्यापर्यंत गेला, त्याला थडकला, तरी फिरतच राहिला. शिसं भरलेलं लाकूड इतका वेळ फिरतं? मग तो डुगडुगला आणि पडला. फुगीर बाजू वर.

"चला," आजोबा म्हणाले.

अकरा मिनिटांत दोन्ही बस भरल्या. हे सकाळीच विचारलं असतं तर माझ्या कोंबड्या भिजल्या नसत्या, अशी चिन-ये आजीने कुरकुर केली. देव आजोबांच्या मांडीवर बसला. चालकाने दोघांना मिळून एक पट्टा लावला.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी डोंगर खाली आला. एकोणीस घरं, देऊळ, चहाचा मळा. वर कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात पेज वाटत होते. श्यू-यिन आजोबांच्या शेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, शिसं अगदी बेमालूम बसवलंत.

"ते मी नदीत टाकलं, पोरी. देवाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर आपणच भरून ठेवायचं?"

"आणि नकार आला असता तर?"

"तर राहिलो असतो."

श्यू-यिन हसली. आजूबाजूला सगळं गाव बसलं होतं, समोर टेबलावर देव होता. म्हातारा इथे कसा कबूल करेल? तिने ठोकळे मागितले. आधी देवाला नमस्कार कर, मग ने, आजोबा म्हणाले. तिने नमस्कार केला. खेळाच्या सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, वही उघडली आणि ठोकळे शंभर वेळा टाकले.

दोन्ही सपाट बाजू वर: सव्वीस. दोन्ही फुगीर बाजू वर: पंचवीस. एक सपाट, एक फुगीर: एकोणपन्नास.