हजिऱ्याहून आणलेला मासा

मुलांनो, क्षणभर समजा की तुम्ही तेरा वर्षांचे आहात आणि तुमच्या घरात कधी मासा शिजलेला नाही. आता तुमच्यासमोर लाकडी पाटावर एक रोहू ठेवला आहे, तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. त्याचा डोळा उघडाच आहे. तुमच्या हातात कात्री आहे. वास येतोय? येऊ द्या. लीलालाही येत होता.

लीला बसली होती ग्वाल्हेरला, पाटणकर बाजाराच्या मागे, तिच्या शाळेतल्या शिक्षिका उषाताईंच्या परसात. ते १९५६ साल होतं. ऑक्टोबर संपला की मध्यभारत राज्य संपणार होतं. नवं राज्य मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. उषाताईंची बदलीही तिकडेच झाली होती. गाडी संध्याकाळची होती. ओसरीवर दोरीनं बांधलेल्या ट्रंका होत्या आणि त्यांवर लीलाचा पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म. तो उषाताईंना जाण्याआधी शाळेत द्यायचा होता. वडिलांची सही तेवढी बाकी होती.

लीलाला समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा होता. समुद्र तिनं पाहिला नव्हता. त्या वाटेनं जायचं तर आधी शाळेत जीवशास्त्र घ्यायला हवं होतं. वडील, गोपाळकृष्ण, नाही म्हणाले नव्हते. त्यांनी अट घातली होती. बाईंसमोर एक मासा उघडून दाखव. ओकारी आली तर संगीत घ्यायचं.

अट घालणारे गोपाळकृष्ण स्वतः परसाच्या दारात गल्लीकडे तोंड करून उभे होते. उपरण्याचं टोक नाकावर.

“झालं का गं?”

“अजून कापलाच नाही, बाबा.”

“आमच्या घराण्यात मत्स्यावताराची पूजा पुष्कळ झाली, उषाताई. चिरफाड ही पहिलीच.”

“बसायला खुर्ची देऊ का, गोपाळराव?”

“नको. इथं हवा आहे.”

उषाताई पदराआड हसल्या. मग लीलाशेजारी बसून हळू आवाजात म्हणाल्या, “पोटाकडून. शेपटीपासून डोक्याकडे. कात्रीचं टोक वर धर, नाहीतर आतलं कापलं जाईल.”

लीलानं टोक रुतवलं. कातडी वाटली होती त्यापेक्षा चिवट होती. एक काप, दुसरा, तिसरा. मग पोट सुटलं आणि आतलं सगळं एकदम पाटावर आलं. ओलं, करडं, वेटोळी वेटोळी.

लीला उठली. मोरीपर्यंत कशीबशी पोचली.

उषाताईंनी झटकन बादली उचलली आणि पाणी दणदणीत आवाज करत फरशीवर ओतलं. मग दुसरी ओतली.

“काय झालं?” दारातून आवाज आला. “कसला आवाज?”

उषाताईंनी बादली खाली ठेवली. त्यांनी लीलाकडे पाहिलं. परस ओलं झालं होतं, मोरी स्वच्छ होती. गोपाळकृष्णांची पाठ तशीच होती.

लीलानं चूळ भरली. परत पाटाशी येऊन बसली. कात्री उचलली.

“मला ओकारी झाली, बाबा.”

गोपाळकृष्ण वळले. ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत आत आले आणि पाटापासून चार हातांवर थांबले.

“अट काय ठरली होती?”

“ओकारी आली तर संगीत.”

“मग अजून कात्री कशाला हातात?”

“इथं फुगा आहे, बाबा. हे बघा, पांढरा. मधे आवळलेला.” तिनं कात्रीच्या मागच्या बाजूनं आतडं अलगद बाजूला केलं. “हवा आहे यात. म्हणून त्याला पाण्यात हवं तिथं थांबता येतं. वर नाही, खाली नाही.”

गोपाळकृष्ण बघायचं नाही असं ठरवून आले होते. ते वाकले. उपरणं नाकावरून खाली आलं ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“बुडत नाही तो याच्यामुळे?”

“हो.”

 मग त्यांनी घसा साफ केला.

“उषाताई, हजिऱ्याच्या बाजारातून मासा एकच आणलात का?”

“दोन आणलेत. दुसरा तळून गाडीत न्यायचाय.”

“तो मिळेल? म्हणजे, हा पहिला सरावाचा धरू. ओकारीविना दुसरा झाला, तर अट अटीच्या जागी राहील.”

“म्हणजे मी भोपाळपर्यंत उपाशी.”

“घरून पोळी-भाजी पाठवतो. आणि लीले, घरी गेल्यावर आपण दोघांनी आधी आंघोळ करायची, मग आत. आईला मी सांगेन.”

उषाताई दुसरा मासा आणायला उठल्या.

“रुको ना, बाई,” लीला म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. “याचं हृदय अजून मिळालंच नाही.”

आणि तिनं कात्री खाली ठेवली, फ्रॉकची बाही कोपराच्या वर सरकवली आणि दोन बोटं कल्ल्यांच्या मागे, आत घातली.