पाटीवरचं शेवटचं वाक्य

"तेवढं एकच वाक्य काढा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बाकी माझं काही म्हणणं नाही."

दुबईच्या देरा भागातलं हे मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर दुरुस्त होऊन पुढच्या आठवड्यात लोकांना खुलं होणार होतं. पाटीचा इंग्रजी मजकूर दुरुस्तीच्या कामावरच्या वासुदेवनेच लिहिला होता. १८९१ साली या खोलीत दामजीशेठचा खून झाला. खुनी सापडला नाही. संशय त्यांचा कारकून विसाजी याच्यावर होता.

विसाजी म्हणजे प्रमिलाबाईंचे आजोबा.

बाई उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे आल्या होत्या. मुलगा ऑफिसात, म्हणून नातीला घेऊन आल्या. हातात स्टीलचा डबा.

"आजी, यल्ला! कॅन वी गो? इट्स सो हॉट," मिहिका म्हणाली.

"तुझं यल्ला-यल्ला पुरे. थांब जरा." त्या वासुदेवकडे वळल्या. "गावात आमच्या घराला अजून खुन्याचं घर म्हणतात. माझ्या दोन आत्यांची ठरलेली लग्नं मोडली. हळदीकुंकवाला कुणी येत नसे. आता इथे परमुलखातही तेच लावून ठेवणार?"

वासुदेवला फार वाईट वाटलं. धिंडसुद्धा एका दिवसात संपते. ही शंभर वर्षं चालली होती.

त्याने फाइल उघडली. जुन्या इंग्रजी कागदांच्या झेरॉक्स होत्या.

"हे बघा. शेठ एकटे राहायचे. सोमवारी बाजारात दिसले, ते शेवटचे. गुरुवारी तुमच्या आजोबांचं गलबत मुंबईला सुटलं. पुढच्या मंगळवारी वास आला म्हणून दार फोडलं. खून नेमका कुठल्या दिवशी झाला, हे कुणालाच कळलं नाही."

"म्हणजे आजोबा गेल्यावरही झाला असेल."

"असू शकतो. त्यांना बातमी कधी कळली?"

"दीड महिन्याने, पत्रातून. पत्रात एवढंच होतं की शेठ मेले आणि संशय तुमच्यावर आहे. ते रडले, असं आजी सांगायची. निघताना शेठ धडधाकट होते, हेच मरेपर्यंत सांगत राहिले."

वासुदेवने पाटीच्या मजकुराचा कागद पुढे ओढला. पुरावा नसताना मेलेल्या माणसाचं नाव भिंतीवर टांगायचं, हे त्याला स्वतःलाच पटेना. त्याने पेन काढलं, शेवटच्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि पेंटरला फोन लावला.

"अहमदभाई, आखरी लाइन खलास. हाँ, पूरा निकाल दो. विसाजी का नाम कहीं नहीं चाहिए."

प्रमिलाबाईंनी हात जोडले. मिहिकाने न सांगता त्यांचा हात धरला.

मग त्या खोलीच्या कोपऱ्यात खाली बसल्या. डबा उघडला. खीर-वडे होते. पिशवीतून केळीच्या पानाचा तुकडा निघाला.

"शेठना मूलबाळ नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांचं पान वाढायचा नेम आजोबांनीच सुरू केला. पुढे बाबांनी चालवला, आता मी. वाटलं, यंदा इथेच वाढावं."

खुनी ठरवलेल्या माणसाने धन्याचं असं करावं, याचं वासुदेवला कौतुक वाटलं. रेघ मारली ते बरंच झालं.

"माझे एक काका घरातून गेले ते गेलेच," तो म्हणाला. "कधी वारले, ठाऊक नाही. म्हणून आम्ही त्यांचं सर्वपित्री अमावास्येला करतो. तुमच्याकडेही शेठचं एरवी तेव्हाच करत असाल ना?"

प्रमिलाबाईंनी पानावर वडा ठेवला. पदराने डोळे टिपले.

"छे, अमावास्येला कशाला? आजोबांनी एक वर्ष चुकवलं नाही. त्यांना तिथी ठाऊक होती. आजचीच."