श्रीदेवीचा निरोप

इरम्मानं मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि आवाज मोठा केला.

"आई, मी श्रीदेवी बोलतेय. मी बरी आहे. आज आम्ही काचघरातली मेथी खुडली. काळजी करू नकोस. आपल्या लोकांनाही इकडे यायला सांग."

मग ती हसली. हसणं संपलं तिथंच निरोप संपला.

निकिता खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होती. बाहेर हैदराबादकडं जाणाऱ्या महामार्गावरून ट्रक धडधडत जात होते, पण तो आवाज इतका स्वच्छ होता की श्रीदेवी आतल्या खोलीतूनच बोलतेय असं वाटावं.

मंगळावर वस्ती करायला गेलेला माणूस परत येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पहिल्या तुकडीत उमरग्याची श्रीदेवी गेली. आता दुसऱ्या तुकडीसाठी बेंबळीच्या निकिताची निवड झाली होती. ती शेतीचं शिकलेली. तिकडच्या मातीत काय रुजतं ते तिनं बघायचं होतं. होकार आजच कळवायचा होता. एकदा हो म्हटलं की माघार नाही, ही अट तिला नीट समजावून सांगितली होती.

घरी तिचे वडील कोंडीराम बोलेनासे झाले होते. "सासरी दिलेली लेक पंचमीला तरी येती," एवढंच ते म्हणाले आणि रानात निघून गेले. आईनं तर तिचे कपडे आत्तापासूनच वेगळे काढून ठेवले होते, जिवंतपणी. ते बघून निकिताचा धीर सुटला. म्हणून ती इथं उमरग्याला, श्रीदेवीच्या आईकडं आली होती. जिनं आपली लेक धाडली, तिलाच विचारावं.

"काकू, खरं सांगा. धाडल्याचं वाईट नाही वाटत?"

"कशाचं वाईट? पोरगी सुखात हाय. ऐकलंस न्हवं?"

"कधी थकलेली, उदास वाटली नाही?"

"कधीच न्हाय," इरम्मा पटकन म्हणाली. "सर्दी न्हाय, खोकला न्हाय. कायम असाच आवाज."

तिनं जुने निरोप लावले. मेथी, पालक, पुन्हा मेथी. प्रत्येकाच्या शेवटी तेच मोकळं हसणं. इरम्माचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. निकिताच्या अंगावर काटा आला. आनंदानं आला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

शेजारीण दारातून डोकावली आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलली. इरम्मानं तशाच भरभर कन्नडमध्ये तिला वाटेला लावलं आणि दार ओढून घेतलं. निकिताला एक शब्दही कळला नाही.

"तू जा पोरी," इरम्मा तिच्याजवळ बसत म्हणाली. "आपल्या भागातलं माणूस तिच्या सोबतीला असलं म्हंजी माझा जीव थाऱ्यावर येईल. लोक म्हणत्यात, आईचं काळीज दगडाचं. म्हणू देत. लेक गेली त्या दिवसापास्नं म्या डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाय. रडण्यासारखं काय हाय तिथं?"

निकितानं तिच्या कोरड्या डोळ्यांकडं पाहिलं. एवढ्या शांत आईपुढं आपली भीती तिला पोरकट वाटू लागली. गेले कित्येक दिवस छातीवर बसलेलं ओझं हळूहळू सरकलं. तिनं फोन काढला.

"मी बेंबळीची निकिता. मी यायला तयार आहे."

"नोंद झाली," पलीकडचा माणूस म्हणाला. "अभिनंदन. आता यात बदल होणार नाही. गाडी तुम्हाला घ्यायला येईल."

फोन ठेवून ती वळली. इरम्मा भिंतीला टेकून खाली बसली होती. पदर तोंडात कोंबून ती रडत होती. आवाज मात्र होऊ देत नव्हती.

"काकू! काय झालं?"

इरम्मानं आपला मोबाईल उचलला, उशीखाली दाबला, वर आणखी एक उशी ठेवली. मग ती कुजबुजली, "आता सांगते. आधी सांगितलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस. ही माझी श्रीदेवी न्हाय."

"म्हणजे?"

"आमच्या घरात कन्नड. बोलायला लागल्यापास्नं ती मला अव्वा म्हणायची. मराठीतनं माझ्याशी कधी भांडली सुदीक न्हाय. आन ही मला आई म्हणती. म्या दर निरोपाला कन्नडमधी इचारते, बाई गं, तू कोण? ती मला मेथीचं सांगती आन हसती."

निकितानं उशीकडं पाहिलं. "मग श्रीदेवी कुठं आहे?"

इरम्मानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तेच बघायला तर तुला धाडायलेय, पोरी."